कच्चं जेवायचं ठरलं, पण विळीवर कोण बसणार?

ताई,

मे महिन्यात आमच्या लग्नाला ३३ वर्षं झाली. हे दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. ह्यांना डायबिटीस आहे, नऊ वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे आणि त्यासोबत साखरेची आणखी एक गोळी. सकाळी बागेत चालायला जातात. तिथल्या मंडळींकडून न शिजवलेल्या जेवणाबद्दल ऐकलं आणि ते ह्यांच्या मनात बसलं. लग्नाच्या वाढदिवशी म्हणाले, "आज स्वयंपाक करू नकोस, बाहेर जेवू." मी ठेवणीतली साडी नेसले. मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून बांद्रा, मग रिक्षा. कुठे चाललोय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आत बसल्यावर कळलं, इथे काहीच शिजवत नाहीत. मेनूवरच लिहिलेलं की कुठलाही पदार्थ ४५ अंशांच्या वर तापवलेला नाही. झुकिनीच्या शेवया, जवसाच्या वाळवलेल्या पापडीवर काजूचं चीज घातलेला पिझ्झा, शेवटी खजुराचा केक. सगळं गार. फोडणीचा वास नाही की वाफ नाही. मला दोन घासांच्या पुढे जाईना. हे मात्र मन लावून जेवत होते. पिझ्झाचा पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवून म्हणाले, "असं जेवायला लागलो तर ऐन उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहायला नको तुला." आणि जरा वेळाने म्हणाले, "खरं सांगू, घरचं हल्ली जड होतं मला." त्यानंतर माझ्या घशाखाली काही उतरलं नाही. स्टेशनबाहेर मी वडापाव घेतला. हे दुसरीकडे बघत उभे होते. दादर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता ह्यांचं म्हणणं, दोन्ही वेळा कच्चंच जेवायचं. मुलगी म्हणते, बाबांचं बरोबर आहे, तूच बदलायला तयार नाहीस. माझं माहेर राजापूरकडचं, पानात चार गोष्टी वाढल्याशिवाय मला जेवण झाल्यासारखं वाटत नाही. मी आता दोन स्वयंपाक करायचे का? आणि ३३ वर्षं जे आवडीने जेवले, ते एकाएकी जड कसं झालं?

– एक वाचक, मुलुंड

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्यासारखीच मीही 'जड' या शब्दावर अडले. ते वाक्य त्या दिवशी, त्या टेबलावर बोलायला नको होतं. ठेवणीतली साडी नेसून आलेल्या बायकोला, लग्नाच्या वाढदिवशी, परक्या ताटासमोर बसवून तिच्या हातच्या जेवणाबद्दल असं म्हणू नये. तुम्हाला लागलं ते बरोबरच लागलं, आणि ते त्यांना सांगायला हवं. कसं सांगायचं त्याकडे येते.

पण दुसऱ्यांदा वाचताना मी त्याच्या आधीच्या वाक्यापाशी थांबले. गॅससमोर उभं राहायला नको, हे. पत्रात तुम्ही ते लिहिलंत आणि लगेच पुढे गेलात. मे महिन्यातलं मुंबईचं स्वयंपाकघर म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. खिडकीतून वारा नाही, पंखा लावावा तर गॅसची ज्योत विझते, पोळ्या होईपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटतो. तुमच्या यजमानांनी ३३ वर्षं ते बघितलं. नोकरीत असताना सकाळी डबा घेऊन जायचे म्हणून कमी बघितलं असेल, आता रिटायर झाल्यावर रोज बघतात. त्यांना वाटलं, आपल्या पोटालाही बरं आणि हिचीही सुटका. हे सुचायला त्यांना उशीर झाला आणि सांगायची वेळ चुकली, पण पहिला तुकडा तुमच्या ताटात ठेवणाऱ्या माणसाच्या मनात तुमचा अपमान करायचा नव्हता, एवढं मी तुमच्याच पत्रावरून सांगू शकते.

त्यांची चूक दुसरीकडे आहे. न शिजवलेलं म्हणजे बिनकष्टाचं, असा त्यांचा समज झालाय. त्यांना ताट दिसलं, ताटामागचे हात दिसले नाहीत. ज्या पापडीवर तो पिझ्झा होता, तिच्यासाठी जवस भिजवायचे, वाटायचे, पातळ थापायचे आणि मंद गरम हवेच्या यंत्रात आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त वाळवायचे. काजूचं चीज म्हणजे चार-सहा तास भिजवलेले काजू लिंबूमीठ घालून लोण्यासारखे वाटायचे, वर कधी रात्रभर आंबवायचे. शेवया एकेक झुकिनी यंत्रावर फिरवून काढायच्या. खजूर निवडायचे, बिया काढायच्या. हे सगळं तिथे पगारी माणसं सकाळपासून करत असतात. तेच मुलुंडच्या घरात, दोन्ही वेळा, दोन माणसांसाठी करायचं तर गॅस बंद राहील, पण निवडणं, धुणं, सोलणं, चिरणं, किसणं, खवणं, भिजवणं आणि वाटणं तसंच राहील, उलट वाढेल. पोटभर भाताला एक वाटी तांदूळ आणि कुकरच्या तीन शिट्ट्या पुरतात. तेवढंच पोट कच्च्या भाज्यांनी भरायचं तर परातभर चिरायला लागतं. विळीवर कोण बसणार, हे त्या टेबलावर कुणी बोललंच नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी स्पष्ट देते. दोन स्वयंपाक करू नका. एक दिवससुद्धा नको. एकदा सुरू झालं की ते तुमचंच काम होऊन बसेल आणि सहा महिन्यांनी त्याबद्दल तक्रार करायलाही जागा उरणार नाही. ज्यांना कच्चं हवंय त्यांनी ते चिरायचं.

आता त्या काजूंबद्दल, कारण तुम्ही राजापूरच्या. तुम्हाला ओले काजूगर माहीत आहेत. माझी आई फाल्गुन-चैत्रात ते सोलायला बसायची तेव्हा हाताला आधी राख चोळायची, तरी बियांचा चीक लागून तिच्या बोटांची कातडी काळी पडून निघायची, आठवडाभर. काजूच्या टरफलातलं तेल तसंच जहाल असतं. म्हणून बाजारात येणारा पांढराशुभ्र काजू, ज्याला सगळे 'कच्चा' म्हणतात, तो फोडण्याआधी बी वाफवून किंवा भाजून घेतलेली असते. कडक हिशेबाने पाहिलं तर बांद्र्याच्या ताटातलं ते चीजही पूर्ण कच्चं नसणार. पोह्यांचंही तेच. साळ, म्हणजे टरफलासकटचा भात, गरम पाण्यात भिजवून, भाजून मग कुटतात, म्हणून आपले दडपे पोहे चुलीवर चढत नसले तरी त्या व्याख्येत बसत नाहीत. हे मी यजमानांना खोटं पाडायला सांगत नाही. ४५ अंशांच्या रेघेवर घरात भांडण करण्यासारखं काही नाही, एवढंच यातून घ्या.

मला खरी काळजी आहे ती त्यांच्या साखरेची, आणि इथे मी जरा थांबून लिहिते.

साखरेच्या गोळ्या चालू असताना भात-पोळी एकाएकी बंद केली तर रक्तातली साखर नको तितकी खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन एकटं घेतलं तर सहसा असं होत नाही, पण सोबतची 'आणखी एक गोळी' कोणती आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही दिसलं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांकडे जायचं, बदलल्यानंतर नाही, कारण गोळीचा डोस बदलावा लागू शकतो. दुसरं, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि वनस्पतीजन्य अन्नात, कच्च्या असो की शिजवलेल्या, बी-१२ मुळात नसतंच. आज त्यांना ते दूध, दही, ताकातून थोडंफार मिळतंय. कच्च्याच्या नादात तेही सुटलं तर पायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो आणि आपण म्हणतो वय झालं. बी-१२ ची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या. तिसरं, तो खजुराचा केक. त्यात साखर घातलेली नसते हे खरं, पण खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते. 'नैसर्गिक आहे' म्हणून डायबिटीसवाल्याने तो केक मोकळ्या हाताने खायचा नाही. फळांच्या रसाचंही तेच. अख्खा पेरू खावा, रस काढू नये.

'जड' या शब्दाकडेही डॉक्टरांच्या खोलीतच बघा. साठी ओलांडलेल्या, डायबिटीस असलेल्या माणसाला जेवणानंतर पोट जड वाटत असेल तर त्याची कारणं असू शकतात. पुष्कळ वर्षांच्या डायबिटीसमध्ये काहींचं जठर हळू रिकामं होतं. मेटफॉर्मिनने काहींचं पोट फुगतं. रात्री साडेनऊला जेवून दहाला आडवं होण्यानेही जड होतं. आणि गंमत म्हणजे जठर हळू चालत असेल तर कच्च्या भाज्यांचा ढीग पचायला अधिकच त्रासाचा असतो. ३३ वर्षं जेवले ते एकाएकी जड कसं झालं, असं तुम्ही विचारलंत. जेवण तेच आहे ताई, जठराचं वय ३३ वर्षांनी वाढलंय. तुम्ही तो शब्द तुमच्या हातावर घेतलात, पण बहुधा तो त्यांच्या पोटाबद्दल होता आणि तसाच डॉक्टरांना सांगायला हवा.

यजमानांच्या म्हणण्यात काहीच नाही असंही समजू नका. 'सी' जीवनसत्त्व उष्णतेने बरंच जातं. म्हणून आपणही लिंबू भांडं खाली उतरवल्यावर पिळतो, पेरू आणि आवळा कच्चाच खातो. जेवणाच्या सुरुवातीला वाटीभर कोशिंबीर खाल्ली तर पुढची पोळी आपोआप एक कमी लागते, आणि साखरही हळू चढते. पण उलट बाजूही आहे. गाजरातला केशरी रंग आणि टोमॅटोतला लाल, शरीराच्या उपयोगाचे ते घटक शिजवल्यावर आणि थोड्या स्निग्धाबरोबर जास्त चांगले मिळतात. तेव्हा गाजराच्या कोशिंबिरीवर तुम्ही चमचाभर तेलाची फोडणी घालता ना, मोहरी-हिंगाची, ती बिनधास्त घाला. ती चवीसाठी आहेच आणि गाजरासाठीही आहे.

काही गोष्टी मात्र कच्च्या खायच्याच नाहीत, आणि हे तुमच्याकडून त्यांनी शिकावं. अळू. कुठल्याही कोकणातल्या बाईला विचारा, घसा का खाजतो आणि फदफद्यात चिंच का पडते. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. सुरणातही तेच. राजमा नीट उकळून शिजला नाही तर अक्षरशः विषबाधा होते, नुसता भिजवून किंवा मोड आणून खायचा नाही. आणि मोडांबद्दल तर मी आग्रहाने सांगते, कारण कच्चं खाणाऱ्यांच्या ताटात ते सगळ्यात आधी येतात. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही हवी असते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून जंतुसंसर्ग पसरला, सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि ५० हून जास्त दगावले. तिथल्या थंड हवेत. आपल्याकडे आता पावसाळा सुरू झालाय, फडक्यात बांधलेली मटकी दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होते. मोड दहा मिनिटं वाफवून मगच त्यांना द्या. पावसातल्या पालेभाज्या कच्च्या नकोत. नळाखाली कितीही धुतल्या तरी पानांच्या बेचक्यात माती राहते. साल काढता येईल असंच कच्चं खावं, काकडी, गाजर, मुळा, बीट.

तुमच्या घरातलं कच्चं तुम्हाला दिसलंच नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण बांद्र्याला तुम्ही ते सगळं परकं म्हणून बघितलंत. सोलकढी काय आहे? नारळ खवायचा, लसूण-मिरचीबरोबर वाटायचा, दूध पिळायचं, आगळ म्हणजे कोकमाचा रस घालायचा. चुलीवर काही चढत नाही. कैरीचा तक्कू, मुळ्याचा कीस, काकडीची पचडी, ओल्या खोबऱ्याची चटणी, पानाच्या डाव्या बाजूचं बहुतेक सगळं तेच आहे. तुमच्या आईने आणि सासूबाईंनी ते उजव्या बाजूच्या गरम भाताला जोड म्हणून वाढलं, आणि त्या मांडणीत शहाणपण होतं. तुम्ही यजमानांसाठी एवढंच करा, डावी बाजू मोठी करा. वाटीऐवजी वाडगा. एक पोळी कमी, कोशिंबीर दुप्पट, वरण किंवा वाफवलेल्या मोडांची उसळ आहे तशी, ताक आहे तसं. हे दुपारच्या जेवणात. रात्री कच्चं फार नको, झोपायच्या वेळी पोट फुगतं. एकदम वाढवूही नका, आठवड्याला थोडं थोडं.

आणि ती डावी बाजू ते करतील. रोज, साडेअकराला. काय करायचं ते तुम्ही सांगा, कसं चिरायचं ते दाखवा, पण हातातून काढून घेऊ नका. पहिले पंधरा दिवस काकडीचे तुकडे जाडेभरडे होतील, कोचवायची राहील, मीठ आधी घातल्याने पाणी सुटेल. होऊ द्या. काकडी बारीक चिरायला किती वेळ लागतो ते स्वतः चिरल्याशिवाय कळत नाही. एक महिना चिरून झाल्यावरही त्यांना दोन्ही वेळा कच्चंच हवं असेल, आणि डॉक्टरांची संमती असेल, तर करू दे. तो त्यांचा प्रयोग. गांधीजींनी १९२९ साली आश्रमातल्या सोबत्यांना घेऊन न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात त्याबद्दल लिहिलंही. काही महिन्यांत पोट बिघडलं तेव्हा तो थांबवला, आणि तेही सांगितलं. प्रयोग करायला हरकत नाही, न झेपल्यास थांबायला लाज नाही. यजमानांना हे सांगा, त्यांना ते पटेल असं वाटतं.

मुलीला मात्र या चर्चेतून थोडं बाजूला ठेवा. 'तू बदलत नाहीस' हे वाक्य ती बाबांच्या प्रेमापोटी बोलली असेल, पण तुमच्या घरात कोण काय चिरतंय ते तिला तिच्या घरून दिसत नाही. पुढच्या वेळी आली की बाबांनी केलेली कोशिंबीर तिला वाढा.

आता बोलायचं कसं. टेबलावर नको, जेवताना तर मुळीच नको. संध्याकाळी चहा झाल्यावर, दोघंच असताना. "अहो, बांद्र्याला तुम्ही मला न सांगता नेलंत, त्याचं मला वाईट वाटलं. सांगितलं असतंत तर मी मनाची तयारी करून आले असते. आणि घरचं जड होतं असं त्या दिवशी म्हणालात, ते अजून माझ्या मनात आहे. पोटाला काय होतंय ते मला नीट सांगा, आपण डॉक्टरांकडे जाऊ. आणि गॅससमोर मी उभी राहू नये असं म्हणालात, तेही माझ्या लक्षात आहे." शेवटचं वाक्य गाळू नका. ते ऐकायला त्यांचे कान तेव्हापासून आसुसलेले असतील. वडापाव खाणाऱ्या बायकोकडे पाठ फिरवून उभा राहिलेला माणूस मला रागावलेला वाटत नाही, हिरमुसलेला वाटतो. घेऊन आलो आणि हिला आवडलं नाही, म्हणून.

आणि वाढदिवसाचं जेवण तुमचं राहिलंय. यावेळी जागा तुम्ही ठरवा. मुलुंडहून स्लो गाडीने माटुंग्याला उतरलात की स्टेशनाला लागूनच रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर वाढतात, गरम भात, रसम, आणि कच्चंही पानात असतंच. दोघांच्याही आवडीचं एकाच जेवणात मिळतं. गर्दीच्या आधी जा. फक्त कुठे जायचंय ते त्यांना आदल्या दिवशी सांगा.

उद्या त्यांच्या हातात पहिल्यांदा किसणी द्याल तेव्हा गाजराने सुरुवात करा, बीटाने नको, बीटाच्या डागांनीच माणूस वैतागतो. किसताना गाजर संपत आलं की नवशिक्याची बोटं सोलवटतात. शेवटचं पेरभर उरलेलं गाजर किसायचं नाही, ते किसणाऱ्याने तोंडात टाकायचं, असं त्यांना आधीच सांगून ठेवा.